आणि मंडळी

मार्चच्या शेवटी कधीतरी गच्चीवरून कूलर खाली येतो. वर्षभराची धूळ झटकली जाते, ताट्यांतलं जुनं गवत काढून नवं भरलं जातं, टाकीत पाणी सोडतात आणि पंप चालू होतो. सुरुवातीला त्या हवेला ओल्या गवताचा वास येतो. नागपूरच्या माणसाला त्या वासाचं विशेष काही वाटत नाही. मलाही वाटू नये. पण दरवर्षी तो वास आला की सीताबर्डीच्या मागच्या गल्लीतली, पहिल्या मजल्यावरची एक खोली आठवते. खोलीत टेबलावर टीव्ही, टीव्हीच्या पडद्यावर निळं आभाळ आणि आभाळात दोन पतंग.

ऐंशीचं दशक उतरणीला लागलं होतं. मी एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. कचेरीत आज ना उद्या कॉम्प्युटर येणार अशी बोलवा होती आणि खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांच्या खोलीत त्यावरून कुजबुज चालू होती. संपादकांनी मला एका क्लासचा पत्ता दिला आणि म्हणाले, "उन्हाळाभर जाऊन या. निदान ते कशाशी खातात एवढं पाहून ठेवा." माझी पाळी संध्याकाळची असे. म्हणून दुपारी जाऊ लागलो.

मे महिन्यात नागपूर दुपारी बंद असतं. दुकानं उघडी असतात, पण दुकानदार आत पडद्यामागे गादीवर आडवा झालेला असतो. रस्त्याचं डांबर मऊ होऊन सायकलीचं चाक धरून ठेवतं. माणसं डोक्याला, कानांना दुपट्टा गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवून निघतात. ओळखीचा माणूस चालीवरून ओळखावा लागतो. रोहिणी लागली की नऊ दिवसांचा नवतपा सुरू होतो, आणि मग ऊन हा बोलण्याचा विषयही राहत नाही. "लय तपून राहिलं," एवढं म्हणून लोक गप्प होतात. पुढचं बोलायला लागणारी ओलच तोंडात नसते.

क्लास खोडेसरांचा होता. रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले, मोहल्ल्यातल्या भजनी मंडळात पेटी वाजवणारे. भाच्याच्या सांगण्यावरून त्यांनी कॉम्प्युटर घेतले होते आणि ते आपल्याला येत नाहीत हे ते कोणालाही सांगत. "मी फक्त खोली आन् लाईट देतो," ते म्हणत. कॉम्प्युटर म्हणजे एक जाडसर कीबोर्ड. तो टीव्हीला जोडायचा. प्रोग्राम कॅसेटवर असे. टेपरेकॉर्डरचं बटन दाबलं की फोडणीत मोहरी तडतडावी आणि मध्येच कोणी शिट्टी फुंकावी असा आवाज सुरू होई. तो संपेपर्यंत सगळ्यांनी गप्प बसायचं. मध्ये लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. मशीन तापलं की पडदा थिजे, म्हणून खोलीतल्या एकुलत्या कूलरचं तोंड मशीनकडे केलेलं असे आणि माणसं भिंतीला टेकून घाम पुसत. कोणी तक्रार केलीच तर खोडेसर म्हणत, "तो आजारी पडला तर डॉक्टर मुंबईवरून आणा लागते. तुम्ही पडले तर दवाखाना जवळच आहे."

शिकवायला दोघं होती. प्रकाश देवघरे इंजिनियर होता. धंतोलीत घर, वडील सचिवालयात हेडक्लार्क, स्वतःला मनासारखी नोकरी अजून न लागलेली. बोलताना समोरच्याकडे न पाहता पडद्याकडे पाही. शैला निनावे बीएस्सी झालेली. मूळची जवळच्याच खापा गावची, नागपुरात महालात मामाकडे राहणारी. आदल्या हिवाळ्यात तिनं याच क्लासमध्ये शिक्षण घेतलं होतं आणि आता मुलींची बॅच तीच घेई. तो तिला शैलाताई म्हणे, ती त्याला प्रकाशभाऊ. त्या काळच्या एकत्र काम करणाऱ्या तरुण माणसांची ती रीतच होती. नात्याचा एक शब्द मध्ये ठेवला की बाकीचं जग निर्धास्त राही.

त्या उन्हाळ्यात दोघांपुढेही एकच तारीख होती. जूनमध्ये नागपुरात एक प्रदर्शन भरणार होतं आणि पुण्याच्या एका कंपनीचे साहेब माणसं हेरायला त्यात येणार होते. प्रमाणपत्रं नकोत, स्वतः केलेलं काम दाखवा, असा त्यांचा निरोप होता. प्रकाशला ती नोकरी हवी होती. शैलाला तिच्यावाचून गत्यंतर नव्हतं. खाप्याला तिच्यासाठी एक स्थळ सांगून आलं होतं आणि वडिलांनी तुळशीच्या लग्नानंतरची बोलणी धरली होती. नोकरी, तीही पुण्याची, लागली तरच ते थांबणार होते. हे तिनं कधी दबलेल्या आवाजात सांगितलं नाही. फळ्यावर खडूनं गणित मांडावं तसं सांगितलं.

पतंगाच्या खेळाची कल्पना प्रकाशची. याबद्दल कधीच वाद नव्हता. एके दुपारी त्यानं पडद्यावर दोन चौकोन उडवले, त्यांना दोन रेघा जोडल्या आणि म्हणाला, एका बाजूला एक माणूस बसेल, दुसऱ्या बाजूला दुसरा. एक बटन खेचायचं, एक ढील द्यायचं. रेघेवर रेघ घासली की पेच. खेळ चालत होता. पण खेळणारा थोड्या वेळानं उठून पाणी प्यायला जाई आणि परत येत नसे.

शैला मागे उभी राहून पाहत होती.

"प्रकाशभाऊ, हे काय बांधलं?"

"मांजा."

"हा मांजा नोहे जी. ही लोखंडाची सळाख होय."

"सरळ रेघ काढायला सोपी असते."

"सोपी असन. पण मांजाले झोल राहते. झोल नाही तर पेच कशाचा?"

मग तिनं सांगितलं. खाप्याला घराच्या कौलांवर भाऊ पतंग उडवी आणि ती मागे चक्री धरून बसे. पोरीच्या हाती पतंग देण्याची पद्धत नव्हती. पण उडवणाऱ्याचे डोळे पतंगावर असतात आणि चक्रीवालीचं लक्ष दोरीवर. वारा पडला की दोर आधी ढिला होतो, पतंगाला नंतर कळतं. समोरचा खेचायच्या बेतात आहे हे तिच्या बोटांना आधी समजे. ती "सोड, सोड" म्हणे, भाऊ सोडी, समोरचा कटे. भाऊ खाली येऊन आईला सांगे, मी काटली. "आन् खरंच होतं ते," ती म्हणाली. "त्याच्याच हातात होती नं."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं खरा मांजा आणायला इतवारीतल्या एका पतंगवाल्याकडे गेलो. पतंगाचा मोसम संक्रांतीचा. मे महिन्यात त्या दुकानात शाळेच्या वह्या आणि दप्तरं होती. दुकानदार पंख्याखाली बनियनवर बसला होता.

"मई में पतंग? भाऊ, तबियत बरी आहे नं?"

"उडवायची नाही," प्रकाश म्हणाला. "कॉम्प्युटरसाठी पाहिजे."

"कॉम्प्युटर उडवून राहिले? उडवा, उडवा. त्यात तरी हवा असन. इथं तर पानही हालून नाही राहिलं."

तो शिडी लावून माळ्यावर चढला आणि धुळीतून मांजाचे दोन-तीन गुंडे खाली टाकले. शैलानं एकेक धागा चिमटीत धरून पाहिला. एक परत केला. "हा जड आहे. याचं लक्ष खालीच राहते." दुकानदारानं माझ्याकडे पाहून विचारलं, "बाईंच्या घरचा धंदा का?" मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "मंग व्हाले पाहिजे होता."

त्यानंतरचे दिवस एकाच चित्रात आठवतात. मांजाचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलेलं, दुसरं शैलाच्या हातात, आणि कूलरच्या हवेत मधला दोर फुगतो आहे, पडतो आहे. प्रकाश एकदा दोराकडे पाहतो, एकदा पडद्याकडे, आणि आकडे बदलतो.

"अजून सोडा," ती म्हणते.

"किती?"

"थोडं जास्त. दोराचं मन भरलं पाहिजे."

"मशीनला मन कळत नाही. आकडा सांगा."

"मंग हा सहाचा आठ करा. नाही, सात. आता पतंगाले एक ठोका उशिरा हलवा."

"उशिरा का?"

"आधी दोराले कळते म्हणून."

तो टाइप करी, ती मागे उभी. कधी तो उठून पाणी प्यायला गेला की ती बसे आणि काहीतरी बदलून ठेवी. परत आल्यावर त्याला पडदा वेगळा दिसे. दोन-चार वेळा तो चिडला. दोन-चार वेळा त्यानं तिनं केलेलं पुसून टाकलं आणि संध्याकाळी मुकाट्यानं परत घातलं. पतंग, खालची कौलं, नदीचा काठ हे सगळं शैलानं ग्राफ पेपरवर चौकोन भरून काढलं. ढील देऊन समोरच्याला फसवायचं ही युक्ती तिची. ती मशीनकडून इतक्या झपाट्यानं करून घेणं, की दोर फुगताना पडदा अडखळणार नाही, ही करामत प्रकाशची. ते तिला जमलं नसतं आणि ती तसं म्हणेही. खेळ पहिल्यांदा पुरा झाला त्या दिवशी खोडेसर एका विद्यार्थ्याविरुद्ध खेळायला बसले. पेच लागला, त्यांनी ढील दिली आणि समोरचा पतंग गिरक्या घेत खाली गेला. खोडेसर खुर्चीतून उठून ओरडले, "ओ काट!" खालच्या शिंप्यानं जिन्यात येऊन काय झालं ते विचारलं. खेळाचं नाव तेव्हा ठरलं.

आता हा खेळ कोणाचा, असं कोणी त्या दिवशी विचारलं असतं तर चौघांनीही हसून खांदे उडवले असते. प्रश्न आला तो पाटीच्या वेळी. पाटी म्हणजे खेळ सुरू होण्याआधी दिसणारं चित्र; निळं आभाळ, वर "ओ काट" आणि खाली करणाऱ्याचं नाव.

अडचण खरी होती. ते मशीन मराठी अक्षरं जाणत नव्हतं. प्रत्येक अक्षर पतंगासारखंच चौकोन भरून काढावं लागे आणि अशा आकृत्या ठेवायला मशीनमध्ये मोजकीच जागा असे. बहुतेक जागा पतंगांनी आणि कौलांनी खाल्ली होती. इंग्रजीत लिहिण्याला खोडेसरांचा विरोध होता. "खेळ आपला आन् पाटी साहेबाची, असं नको गा."

"एकच ओळ बसेल," प्रकाश म्हणाला. "प्रकाश देवघरे."

शैलाची पेन्सिल ग्राफ पेपरवर टेकलेली होती. ती तिथेच राहिली.

"आन् मी?"

"तसं नाही शैलाताई. पण पिक्चर कोणाचा म्हणतो आपण? डायरेक्टरचा. ज्याच्या डोक्यात सगळा पिक्चर असतो त्याचा."

"कॅमेरावाल्याचंही नाव येते नं पिक्चरमधे."

"येतं. तेव्हा लोक अंधारात खुर्च्या शोधत असतात."

"मंग शोधू द्या नं. नाव तर येते."

खोडेसरांना भांडण सोसत नसे. ते मध्ये पडले. "काहून झगडता गा? आमच्या भजनाच्या पाटीवर काय लिहितात? बुवाचं नाव, आणि मंडळी. पेटीवाला मंडळीत, तबल्यावाला मंडळीत, टाळवाले मंडळीत. कोणी सुटत नाही. प्रकाश देवघरे आणि मंडळी. झालं. मी जन्मभर मंडळीतच वाजवलं. काय बिघडलं माझं?"

"तुमचं काही नाही बिघडलं, सर," शैला म्हणाली. "तुम्हाले पुण्याले जायचं नव्हतं."

खोडेसरांनी चष्मा काढून पुसला.

तिनं कागद प्रकाशसमोर सरकवला. "हे पाहा. 'आणि मंडळी' लिहायले पाच आकृत्या लागतात. 'व शैला' लिहिलं तर दोनच. 'व' देवघऱ्यात आहेच. मंडळीपेक्षा मी स्वस्त पडते."

प्रकाशनं मोजून पाहिलं. हिशेब बरोबर होता. त्याची अडचण झाली, आणि अडचणीत माणूस विनोद करतो तसा त्यानं केला. "नुसतं शैला बरं दिसत नाही. आडनाव पाहिजे. आणि आडनाव निनावे. आडनावातच निनावे, मग नाव कशाला पाहिजे?"

खोडेसर हसले आणि लगेच हसायचे थांबले.

"शाळेत मास्तरही हेच म्हणत," शैला म्हणाली. "तेव्हा मी हसत होती."

भाषेचा माणूस म्हणून मला विचारण्यात आलं. मी म्हणालो, दोन्ही नावं द्या, हवं तर एक कौल कमी करा. प्रकाशनं विचारलं, "तुमच्या पेपरात तुमचं नाव येतं का?" येत नव्हतं. त्या वेळी बातमीच्या वर "आमच्या प्रतिनिधीकडून" एवढंच असे. पूर आला, अपघात झाला, सभा उधळली, सगळं एकाच प्रतिनिधीनं पाहिलेलं. हा प्रतिनिधी म्हणजे सात-आठ माणसं, शिवाय मथळा देणारा, शिवाय शुद्धलेखन पाहणारा. नाव नसणं ही शिस्त आहे असं आम्हाला शिकवलं होतं आणि आम्ही ते मानत होतो. बातमी चुकली की मात्र प्रतिनिधीचं नाव लगेच सापडे. मी हे प्रकाशला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे चालतंच की." मी पुन्हा दोन्ही नावांचं सांगितलं. त्याला जे हवं होतं ते माझ्या बोलण्यातून त्यानं आधीच घेतलेलं होतं.

प्रदर्शन तोंडावर आलं होतं. खोडेसरांचा शब्द राहिला. प्रश्न फक्त अक्षरं कोण काढणार हा होता, आणि ती शैलाशिवाय कोणाला येत नव्हती. तिनं काढली. प्रकाशचं नाव तिनं नीट काढलं. "श"ची गाठ चौकोनात बसेना म्हणून एक अख्खी दुपार त्यावर घालवली. नंतर "मंडळी"ही काढलं. कूलरच्या हवेनं कागद उडत होता, त्यावर तिनं डाव्या हाताचं कोपर ठेवलं होतं. प्रकाशनं एकदा विचारलं, पन्हं आणू का. ती नको म्हणाली.

आता त्या गल्लीवरून मेट्रो जाते. खोलीत मोबाइल दुरुस्त करतात. मध्यंतरी भाचीकडे गेलो होतो. तिचा नवरा एक मोठा खेळ संपवून बसला होता आणि पडद्यावर नावं वर सरकत होती. चित्रं काढणारे, आवाज देणारे, भाषांतर करणारे, तपासणारे, त्यांना जेवण पुरवणारेसुद्धा. पुष्कळ वेळ सरकत होती. "सगळ्यांचीच आहेत वाटतं," मी म्हणालो. तो म्हणाला, "हो, सगळ्यांची असतात," आणि त्यानं बटन दाबून ती बंद केली. यावर हळहळावं असं मला वाटलं नाही. नाव वाचलं जाणं आणि नाव असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कोणाच्या हातात नसते. दुसरी कोणाच्या तरी हातात असतेच, आणि तो हात बहुधा दुष्ट नसतो. घाईत असतो, किंवा घाबरलेला असतो.

प्रकाश घाबरलेला होता. हे मला तेव्हाही दिसत होतं. दोन नावं आली तर नोकरी एक आहे, हे गणित त्यानंही मांडलं होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी आभाळ पांढरं होतं. हॉलमध्ये पंखे होते पण ते गरम हवा इकडची तिकडे करत होते. खोडेसरांनी टीव्हीखाली घडी केलेली चादर अंथरली होती. आमच्या टेबलाभोवती सकाळपासून गर्दी होती. पेच लागला की मागचे लोक ओरडत, आणि शेजारच्या टेबलावरची माणसं, ज्यांनी पगारपत्रकाचा प्रोग्राम मांडला होता, खिन्नपणे आमच्याकडे पाहत.

पुण्याचे साहेब दुपारी आले. वयस्कर, सफारी घातलेले, हळू बोलणारे. ते बसले, एकदा हरले, पुन्हा खेळले, पुन्हा हरले, आणि तिसऱ्यांदा ढील देऊन जिंकले. मग त्यांनी पाटी परत लावायला सांगितली आणि चष्मा वर करून वाचली.

"देवघरे कोण?"

प्रकाश पुढे झाला.

"छान केलंय. फार छान." मग त्यांची नजर टीव्हीशेजारी कीबोर्डची वायर धरून उभ्या असलेल्या शैलाकडे गेली. ते प्रसन्न हसले. "आणि या मंडळी वाटतं? दोघं मिळून करता म्हणजे उत्तमच."

जुन्या वळणाची माणसं बायकोला मंडळी म्हणत. हे आम्हा सर्वांना माहीत होतं आणि पाटी लिहिताना एकालाही आठवलं नव्हतं. गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं. खोडेसरांनी खाली पाहिलं.

"नाही, नाही," प्रकाश म्हणाला. "तशा नाहीत त्या."

"तशा म्हणजे?"

"म्हणजे ताई आहेत."

"बहीण का?"

"बहीण नाही."

साहेब गोंधळले. गोंधळ झाकायला त्यांनी कामाचं विचारलं. "बरं, या दोरीला झोल कसा आणलात ते सांगा. हे मी आजवर कुठे पाहिलं नाही."

प्रकाशनं सांगायला सुरुवात केली. मशीनला वेग कसा दिला ते त्यानं चांगलं सांगितलं. साहेब ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "पण ढील दिल्यावर आधी दोर फुगतो आणि मग पतंग हलतो. मी असतो तर उलट केलं असतं. हे तुम्हाला कसं सुचलं?"

प्रकाश थांबला. त्यानं शैलाकडे पाहिलं. साहेबांनीही पाहिलं.

"करणाऱ्याले विचारा जी," शैला म्हणाली. "मंडळीले काय माहीत?"

ती मोठ्यानं बोलली नाही. पण जवळच्यांना ऐकू गेलं. प्रकाशच्या कानशिलावरून घाम गळत होता आणि तो पुसत नव्हता. त्याला काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. इंजिनियरच्या भाषेत एखादं वाक्य त्याला सापडलं असतं. खोडेसर त्याच्याकडे पाहत होते. त्यानं कीबोर्डवरचा हात उचलला.

"तो भाग यांचा आहे," तो म्हणाला. "शैला निनावे. झोल यांचा, चित्रं यांची. ढीलही यांची."

"मग नाव का नाही?"

"जागा नव्हती."

साहेब पडद्याकडे वळले. या काठापासून त्या काठापर्यंत निळं आभाळ होतं आणि तळाशी ती एक बारीक ओळ. त्या आभाळाला मशीनमध्ये जागा लागत नाही आणि अक्षराला लागते, हे त्यांना समजावून सांगता आलं असतं. ते कोणी सांगितलं नाही.

मग शैलानं झोल सांगितला. खाप्याची कौलं, चक्री, बोटांना आधी कळणारा दोर. भाषा साफसूफ न करता, वायर हातात तशीच धरून तिनं सांगितलं. साहेबांनी मध्ये दोन प्रश्न विचारले, तिनं उत्तरं दिली. शेवटी ते म्हणाले, "पुण्याला याल? घरी विचारावं लागेल ना?"

"विचारा लागन," ती म्हणाली. मग म्हणाली, "येतो म्हणून लिहून घ्या."

प्रकाशलाही त्यांनी अर्ज पाठवायला सांगितलं. त्यानं पाठवला नाही. का, ते मी विचारलं नाही. नाव विचारल्यावर आधी तो एकटाच पुढे झाला होता आणि नंतर शैलाचं नावही त्यानंच घेतलं. या दोन्हींनंतर तिच्या शेजारच्या टेबलावर जाऊन बसणं त्याला जड गेलं असावं, असा माझा अंदाज. शैला पाऊस लागल्यावर पुण्याला गेली. वडील थांबले. स्टेशनवर खोडेसर आणि मी होतो. प्रकाश आधीच येऊन तिची पेटी डब्यात ठेवून आला होता. "येतो प्रकाशभाऊ," ती म्हणाली. "या," तो म्हणाला. भांडण त्यांच्यात नव्हतं. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. पुढचे दोन उन्हाळे खोडेसरांनी मशीनपुढे कूलर लावला, पण त्या खोलीत दुसरा खेळ झाला नाही. पुण्याला शैला बँकांचे प्रोग्राम करी आणि उत्तम करी, असं ऐकत होतो.

नंतर एका एप्रिलमध्ये प्रकाश आमच्या कचेरीत आला. त्यानं एक नवा खेळ तयार केला होता आणि त्याची चार ओळींची बातमी यावी अशी त्याची इच्छा होती. मी त्याला बसवलं, पाणी दिलं. त्यानं खेळाचं वर्णन केलं. व्यवस्थित होतं, दोष काढावा असं त्यात काही नव्हतं. बातमीत घालायचं म्हणून मी विचारलं, खेळ कोणी केला.

"मी," तो म्हणाला. मग घरी कोणकोण असतं असं विचारल्यावर एकटा राहणारा माणूस सांगतो, त्या आवाजात म्हणाला, "एकट्यानंच."